सॅन डिएगोच्या वॉटरफ्रंट पार्कला लहान मुलांना घेऊन पहिल्यांदा जाताना

अमेरिकेत सॅन डिएगोला नव्याने आलेल्या आया मला एक प्रश्न हमखास विचारतात. नवरा ऑफिसला, गाडी त्याच्याकडे, मला अजून इथली गाडी चालवता येत नाही आणि मूल दिवसभर अपार्टमेंटच्या चार भिंतींत कंटाळतंय, तर न्यायचं कुठे? माझं उत्तर गेली कित्येक वर्षं एकच आहे. वॉटरफ्रंट पार्कला जा. तिथे तिकीट नाही, नाव नोंदवायला नको, कुणाची ओळख लागत नाही आणि ट्रॉलीने, म्हणजे इथल्या शहरी रेल्वेने, थेट जाता येतं. मूल पाण्यात मनसोक्त खेळतं आणि आपल्यालाही आपल्यासारख्याच दहा आया भेटतात. नव्या गावात पहिल्या वर्षी या दुसऱ्या गोष्टीची गरज किती असते, ते मी अनुभवलं आहे.

पण तयारीशिवाय गेलात तर अर्ध्या तासात रडत परत यावं लागतं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

जागा कशी आहे

इथे स्प्लॅश पॅड आहे, म्हणजे मुलांनी भिजावं म्हणूनच बांधलेली कारंजी. हा पोहण्याचा तलाव नव्हे. इथे खोल पाणी नसतं, जमिनीतून किंवा बाजूने फवारे उडतात आणि मुलं त्यातून धावतात. वॉटरफ्रंट पार्कमध्ये काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्हा प्रशासनाच्या, जुन्या मुख्य इमारतीलगत ८३० फूट लांबीची कारंज्यांची पट्टी आहे. फवारे सरळ वर न उडता कमानीसारखे वाकून खालच्या उथळ पाण्यात पडतात. पाणी मोठ्या माणसाच्या घोट्याला जेमतेम लागेल एवढंच. त्या कमानींखालून पळत जायचं, हाच मुलांचा खेळ. पार्कमध्ये घसरगुंड्यांचं वेगळं मैदान आहे, हिरवळ आहे आणि रस्त्यापलीकडे सॅन डिएगोची खाडी.

मधली इमारत १९३८ची. राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट तिच्या उद्घाटनाला आले होते. तिच्या दारावर इंग्रजीत एक वाक्य कोरलेलं आहे, त्याचा अर्थ असा: लोकांचं भलं हाच सर्वांत थोर हेतू. इमारतीच्या दोन्ही बाजूंना, समुद्राच्या इतक्या जवळच्या मोक्याच्या जागेवर, अनेक वर्षं गाड्या उभ्या राहायच्या. ते आठ एकरांचं डांबर उखडून तिथे हे पार्क केलं आणि २०१४च्या मे महिन्यात ते लोकांसाठी खुलं झालं. एखाद्या शहराने किनाऱ्याची जागा पार्किंगकडून काढून मुलांना द्यावी, याचं मला आजही फार अप्रूप वाटतं. पुण्या-मुंबईत वाढलेल्या माणसाला ते वाटणारच.

कधी जायचं

इथे नवीन माणसाची सगळ्यात मोठी चूक होते. आपल्या डोक्यात मे महिना म्हणजे उन्हाळा. सॅन डिएगोच्या किनाऱ्यावर मात्र मे आणि जूनमध्ये समुद्रावरून ढगांची दुलई येऊन बसते. इथले लोक त्याला ‘मे ग्रे’ आणि ‘जून ग्लूम’ म्हणतात. तुमचं घर किनाऱ्यापासून आत, मीरा मेसाला किंवा रँचो बर्नार्डोला असेल तर तिथे लख्ख ऊन असतं, आणि खाडीवर पोचलात की आभाळ राखाडी आणि वारा गार. जूनमध्ये किनाऱ्यालगत दुपारचं कमाल तापमान साधारण २२ अंश सेल्सिअस असतं. कोरड्या माणसाला ते छान वाटतं, पण भिजलेल्या दोन वर्षांच्या मुलाला थंडी वाजते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तेच २५पर्यंत जातं आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये वाळवंटाकडून सांता आना वारे वाहू लागले की चांगलंच उकडतं. पहिली खेप करायला ऑगस्टचा शेवट किंवा सप्टेंबर उत्तम. शाळा सुरू झालेल्या असतात, त्यामुळे आठवड्यातल्या दिवशी सकाळी गर्दी नसते.

मे-जूनमध्येच जायचं असेल तर ढग विरेपर्यंत, म्हणजे अकरा-बारापर्यंत थांबा. बाकीच्या दिवसांत साडेदहाच्या सुमाराला पोचा आणि साडेबाराला निघा. दुपार चढली की समुद्रावरून वारा सुटतो आणि सगळं चित्र बदलतं.

निघायच्या दिवशी सकाळी काउंटीच्या पार्क विभागाचं पान उघडून कारंजी चालू आहेत का, ते बघा. देखभालीसाठी ती मधूनमधून बंद ठेवतात. मार्चमध्ये आणि सप्टेंबरच्या सुमाराला या पार्कमध्ये मोठा संगीत महोत्सव होतो, तेव्हा भोवती कुंपण घालून तिकिटं लावलेली असतात. चार जुलैला फटाके बघायला सगळं शहर खाडीवर लोटतं. जुलैच्या शेवटाकडे कॉमिक-कॉन हा कॉमिक्स आणि सिनेमांच्या चाहत्यांचा मोठा मेळा भरतो, तो याच किनाऱ्यावर थोडा पुढे, आणि त्या चार-पाच दिवसांत ट्रॉलीत पाय ठेवायला जागा नसते. हे दिवस टाळा. मुलाला पाण्याचं वचन देऊन बंद कारंज्यासमोर उभं करण्यासारखं वाईट काही नाही. एकदा मी ते केलं आहे आणि त्या दिवशीचा लेकाचा चेहरा मला अजून आठवतो.

पोचायचं कसं

ट्रॉलीचं स्टेशन आहे ‘काउंटी सेंटर/लिटल इटली’. ब्लू लाइन आणि ग्रीन लाइन दोन्ही तिथे थांबतात. २०२१च्या नोव्हेंबरपासून ब्लू लाइन विद्यापीठाजवळच्या यूटीसी या भागापर्यंत जाते, त्यामुळे विद्यापीठाच्या भागात राहणाऱ्यांना गाडी न बदलता थेट येता येतं. मिशन व्हॅलीतल्यांनी ग्रीन लाइन धरावी. उत्तरेकडून येणाऱ्यांना कुणी सोडणारं असेल तर नोबेल ड्राइव्ह स्टेशन सोयीचं. तिथे गाडी लावायला पैसे पडत नाहीत.

तिकिटासाठी प्रॉन्टो कार्ड किंवा फोनवरचं त्याचं ॲप सोयीचं. चढण्याआधी फलाटावरच्या यंत्राला कार्ड टेकवायचं. आत कुणी विचारत नाही म्हणून राहू देऊ नका, तपासनीस येतात. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना तिकीट नाही. डब्याची पायरी फलाटाला जवळजवळ लागून असते, स्ट्रोलर (बाबागाडी) सरळ आत ढकलता येतो.

स्टेशनातून उतरलात की समुद्राच्या दिशेने, म्हणजे पश्चिमेला चाला. पाचेक मिनिटांत पॅसिफिक हायवे ओलांडून पार्क येतं. नावात हायवे असला तरी तो शहरातला रस्ता आहे, पण रुंद आणि वाहता. सिग्नलवर बटण दाबा आणि चालत्या माणसाचं पांढरं चित्र उमटल्यावरच निघा. स्टेशनाजवळ रुळांवरून ट्रॉलीशिवाय लांब पल्ल्याच्या गाड्या आणि मालगाड्याही जातात आणि त्यांचा आवाज फार मोठा असतो. तान्हं बाळ असेल तर ते दचकतं. विमानतळही शेजारीच आहे. विमानं इतकी खाली येतात की चाकं मोजता येतात. तीन वर्षांच्या पुढची मुलं यावर बेहद्द खूश असतात.

गाडीने आलात तर पार्कच्या खाली तळघरात वाहनतळ आहे, पैसे भरावे लागतात. रस्त्याकडेला लावलीत तर त्या खांबावरची पाटी पूर्ण वाचा, वेळा आणि दिवस सगळं तिथे लिहिलेलं असतं. शनिवारी सकाळी शेजारच्या लिटल इटली या भागात मोठा शेतकरी बाजार भरतो, तेव्हा जागा मिळणं कठीण.

पिशवी

मी दोन पिशव्या भरते. एक ओली, एक कोरडी. कोरडीचं तोंड शेवटपर्यंत उघडायचं नाही, हा आमच्या घरचा नियम आहे. त्यात मुलाचे पूर्ण कपडे, अगदी चड्डी-मोज्यांसकट, एक जाडसर स्वेटर, लोकरी किंवा कानटोपीसारखी टोपी आणि मोठा टॉवेल. आपला स्वतःचाही एक कुर्ता आणि लेगिंग्ज ठेवा. मूल पडलं तर तुम्ही पाण्यात धावणारच आहात.

ओल्या पिशवीत दुसरा टॉवेल, स्विम डायपर, सनस्क्रीन, पाण्याच्या बाटल्या, ओले कपडे भरायला दोन प्लास्टिकच्या पिशव्या.

कपड्यांबद्दल जरा थांबून सांगते. घरचा सुती फ्रॉक किंवा बनियन भिजला की अंगाला चिकटतो आणि वाऱ्यात बर्फासारखा गार पडतो. त्याऐवजी लांब बाह्यांचा पोहण्याचा शर्ट घ्या, इथे त्याला रॅश गार्ड म्हणतात. तो लवकर सुकतो आणि उन्हापासूनही अंग झाकतो. रंग भडक निवडा, नारिंगी किंवा पोपटी. निळा आणि पांढरा नको, कारण पाणी निळसर, फवारे पांढरे आणि निम्म्या मुलांच्या अंगावर निळेच कपडे असतात. चाळीस मुलांच्या घोळक्यात माझा लेक मला त्याच्या नारिंगी पाठीवरून एका नजरेत सापडायचा. पायांत पाण्यातले बूट हवेत. ओली फरशी निसरडी असते आणि कोरडा भाग उन्हात तापतो. नेहमीच्या चपला पाण्यात पायातून निसटतात.

सनस्क्रीन आपल्याला लागत नाही, आपली कातडी सावळी आहे, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. इथलं ऊन कडक आहे, ढगांतूनही पोळतं. एसपीएफ ३० किंवा जास्तीचं, घरून निघतानाच चोपडा आणि दर दोन तासांनी पुन्हा लावा. कान, मानेची मागची बाजू आणि पावलांचा वरचा भाग हटकून राहतो. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला मात्र सनस्क्रीनऐवजी सावली आणि पातळ पांघरूण. पार्कमध्ये सावली कमी आहे, म्हणून लवकर पोचणाऱ्याला झाडाखालची जागा मिळते.

पाण्यात उतरण्याआधी

पोचल्यावर आधी स्वच्छतागृह. पाण्याच्या आवाजाने मुलांना लगेच शी-शू आठवते, तेव्हा ते काम उरकून घ्यावं आणि मग दर तासाला पुन्हा न्यावं.

डायपरमधल्या मुलांना नेहमीचा डायपर घालून पाण्यात सोडू नका. तो पाणी पिऊन तट्ट फुगतो, फुटतो आणि आतला चिकट गोळा पाण्यात पसरतो. स्विम डायपर वेगळे मिळतात, औषधांच्या दुकानातही. पण तोही फक्त घट्ट शी धरून ठेवतो, पातळ नाही. बदलायचा तर स्वच्छतागृहात नेऊन, पाण्याच्या कडेला नाही.

आता एक गोष्ट मनापासून सांगते, कारण तिच्याकडे आपण लक्ष देत नाही. मुलाला जुलाब होत असतील तर त्या दिवशी जाऊ नका. कितीही हट्ट केला तरी नाही. इथलं पाणी गाळून, क्लोरीन घालून पुन्हापुन्हा फिरवलेलं असतं. आपल्याकडच्या लोकांना पहिल्यांदा वाटतं, एवढ्या कोरड्या प्रदेशात इतकं पाणी वाहू देतात! ते वाहून जात नाही, तेच पाणी चक्रात फिरतं. बहुतेक जंतू क्लोरीनने काही मिनिटांत मरतात. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा जुलाब करणारा एक परजीवी मात्र क्लोरीनच्या पाण्यातही आठवड्याहून जास्त जगतो. एका मुलाकडून तो पाण्यात आला आणि दुसऱ्याच्या तोंडात गेला की झालं. डॉक्टरांनी हे निदान केलं असेल तर जुलाब थांबल्यावरही दोन आठवडे अशा पाण्यात उतरायचं नाही. आणि रोजचा नियम म्हणजे फवाऱ्याचं पाणी प्यायचं नाही. मुलं तोंड उघडून कमानीखाली उभी राहतातच. रागावून उपयोग नाही. ‘पाणी डोक्यावर, तोंड बंद’ असा खेळ करा आणि प्यायचं पाणी जवळ ठेवा.

पहिली दहा मिनिटं

मुलाला उचलून थेट फवाऱ्याखाली नेऊ नका. नवऱ्यांना ही फार हौस असते. पाणी गार असतं, आवाज मोठा असतो, मोठी मुलं ओरडत पळत असतात. दोन वर्षांच्या जिवाला ते एकदम अंगावर आल्यासारखं होतं आणि मग दिवसभर ते तुमचा खांदा सोडत नाही.

कडेला बसा, पाय पाण्यात सोडा, मूल मांडीवर. त्याची पावलं आधी भिजू द्या. मग ओंजळीत पाणी घेऊन त्याच्या गुडघ्यावर सोडा. माझ्या लेकाने पहिल्या दिवशी बराच वेळ फक्त एकच गोष्ट केली. कमानीचं टोक जिथे पाण्यात पडतं, तिथे तो तळहात धरायचा, पाणी बोटांतून चारी बाजूंना उडायचं, चेहऱ्यावर यायचं, तो डोळे गच्च मिटायचा आणि हात काढायचा. मग इकडे-तिकडे बघून पुन्हा हात. असं वीसेक वेळा झाल्यावर त्याने स्वतःहून डोकं पुढे केलं. त्यानंतर तो माझा राहिला नाही, पाण्याचाच झाला. तेवढा वेळ द्या. काही मुलं पहिल्या खेपेला नुसती बघतात आणि घरी जातात. तीही खेप वाया जात नाही.

नजर

इथे जीवरक्षक नाही. पाणी उथळ आहे म्हणून आया-बाबा फोन काढतात, ते मला बघवत नाही. अमेरिकेत १ ते ४ वर्षांच्या मुलांच्या मृत्यूंचं सर्वांत मोठं कारण बुडणं हे आहे आणि लहान मूल पालथं पडलं तर दोन-तीन इंच पाणीही त्याला पुरतं. ते ओरडत नाही, हात मारत नाही. शांतपणे घडतं. तीन वर्षांच्या आतलं मूल हाताच्या अंतरावर हवं. त्यापुढच्या मुलांवर अखंड नजर.

चार कुटुंबं मिळून गेलात तर धोका वाढतो, कमी होत नाही, कारण प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय. आम्ही पाळी लावतो. पंधरा मिनिटं एकीने पाण्याच्या कडेला उभं राहायचं, तिच्या गळ्यात एक लाल ओढणी. ओढणी जिच्या गळ्यात तिने गप्पा मारायच्या नाहीत, डबा उघडायचा नाही, फोन घ्यायचा नाही. वेळ झाली की ओढणी दुसरीच्या गळ्यात घालायची, ‘आता तू’ असं तोंडाने म्हणून. ती ओढणी इतकी वर्षं टिकली आहे.

दुसरा धोका म्हणजे धक्का. सात-आठ वर्षांची मुलं डोळ्यांत पाणी असताना पळतात आणि छोट्यांना आडवं करतात. छोट्यांना घेऊन पट्टीच्या टोकाकडे जा, तिथे वर्दळ कमी असते.

आणि खाडीकडचा रस्ता. पार्क आणि पाणी यांच्यामध्ये हार्बर ड्राइव्ह आहे, त्यावर गाड्या अखंड. पार्कमधून दिसणारी बोट बघायला मूल एकटं पळू शकतं. कारंजी आणि रस्ता यांच्या मधल्या बाजूला स्वतः बसा.

खाणं

मुलं पाण्यातून बाहेर येतात ती लांडग्यासारखी भूक घेऊन. थंडीने भूक लागते. आम्ही दशम्या, तूप-साखरेची पोळी गुंडाळून, दही-भात आणि केळी नेतो. थर्मासात टोमॅटोचं सार. भिजून कुडकुडणाऱ्या मुलाने दोन्ही हातांत पेला धरून गरम सार प्यायलेलं बघितलं की तिथे थर्मास वाहून नेल्याचा शीण जातो. काचेची भांडी नेऊ नका, फुटली तर अनवाणी पायांचं काय होईल? शेंगदाण्याचे लाडू आणि चिवडा घरी ठेवा. चार वर्षांच्या आतल्या मुलाला हसता-पळताना दाणा घशात अडकू शकतो आणि इथे बऱ्याच मुलांना शेंगदाण्याची ॲलर्जी असते. आपल्या लेकराने खरकट्या हाताने दुसऱ्याचं खेळणं धरलं तरी त्रास होऊ शकतो. द्राक्षं उभी चिरून न्या.

सीगल पक्षी धीट आहेत, हातातली पोळी झडप घालून नेतात. डबा उघडा ठेवून उठू नका.

थंडी

माझी पहिली खेप जूनमधली. लेक अडीच वर्षांचा. आमच्याकडे एकच टॉवेल होता आणि तो कडेवरून घसरून पाण्यात पडला. अर्ध्या तासाने त्याला बाहेर काढलं तेव्हा ओठ जांभळे पडले होते, हनुवटी थरथरत होती, आणि मी माझ्या ओल्या कुर्त्यानेच त्याला पुसत होते. शेजारी बसलेल्या एका मेक्सिकन आजींनी काही न बोलता आपल्या नातवाचा कोरडा टॉवेल काढला, माझ्या लेकाच्या डोक्यावरून घेतला, घट्ट गुंडाळला आणि त्याला माझ्या पोटाशी दाबून धरला. मग स्पॅनिशमध्ये काहीतरी म्हणाल्या. शब्द कळले नाहीत, पण आमची आजीही असंच बोलायची. त्यानंतर माझ्या पिशवीत एक टॉवेल जास्तीचा असतो. आजवर तीन वेळा तो कुणाच्या तरी लेकराच्या कामी आला.

तर खूण ही. मूल स्वतः ‘थंडी वाजतेय’ म्हणत नाही. खेळात त्याला कळतच नाही. दर पंधरा-वीस मिनिटांनी जवळ बोलवा, ओठ बघा, पाठीला हात लावा. ओठांचा रंग उतरला किंवा दात वाजायला लागले की लगेच बाहेर. आधी डोकं पुसा, मग ओले कपडे पूर्ण काढा, वरून टॉवेल गुंडाळून थांबू नका. ओल्या कपड्यांवर स्वेटर चढवला तर काही उपयोग होत नाही. अंग कोरडं, कपडे कोरडे, टोपी, मग गरम काहीतरी.

निघायचं कसं

हे सगळ्यात अवघड. ‘चला आता’ म्हटलं की रडारड ठरलेली. आम्ही मिनिटं सांगत नाही, कारण तीन वर्षांच्या मुलाला दहा मिनिटं म्हणजे किती ते कळत नाही. आम्ही कमानी सांगतो. ‘आणखी पाच कमानी आणि मग सार.’ मूल स्वतः मोजत पळतं, एक, दोन, तीन, आणि पाचव्या कमानीतून बाहेर येतं ते थेट टॉवेलमध्ये. तुम्ही टॉवेल उघडून पाचव्या कमानीपाशीच उभं राहायचं. सहावी द्यायची नाही. एकदा दिलीत की पुढच्या खेपेला पाच म्हणजे पंधरा होतात.

मूल थकून चिडचिडं होण्याच्या आधी निघा. दीड-दोन तास पुष्कळ झाले.

आई-बाबा भारतातून आलेले असतील तर

त्यांना जरूर न्या. बसायला घडीची खुर्ची, अंगावर शाल. आजी-आजोबांच्या हातात मूल देऊन आपण स्वच्छतागृहात जाणं मात्र टाळा. ओल्या फरशीवर धावणाऱ्या नातवामागे पळताना पाय घसरण्याची भीती त्यांनाच जास्त.

माझी आई आली होती तेव्हा ती काठावर बसून होती. मग तिने साडीचा काठ थोडा वर खोचला, नातवाचं बोट धरलं आणि हळूच पाण्यात पाय ठेवला. बाहेर आल्यावर ती इमारतीच्या खाडीकडच्या अंगाला असलेल्या पुतळ्यापाशी गेली. ग्रॅनाइटची उंच बाई, खांद्यावर पाण्याचं मडकं. डोनाल हॉर्ड या शिल्पकाराने १९३९मध्ये घडवलेली, नाव ‘गार्डियन ऑफ वॉटर’, म्हणजे पाण्याची राखणदार. आईने वर बघितलं आणि म्हणाली, “अगं, ही तर आपल्या विहिरीवरून निघालीये.” या पुतळ्यापाशी नातवंडांचे फोटो काढा. तिथे खाडीही मागे येते.

अंगात त्राण उरलं असेल तर

सिग्नलवरून हार्बर ड्राइव्ह ओलांडा, हात धरून. समोर शिडाची जुनी जहाजं लागलेली दिसतील. त्यातलं लोखंडी अंगाचं मोठं जहाज म्हणजे ‘स्टार ऑफ इंडिया’. १८६३मध्ये आइल ऑफ मॅनवर बांधलेलं, तेव्हा त्याचं नाव ‘युटर्पी’. पहिल्या सफरी कलकत्त्याच्या. दुसऱ्याच सफरीत बंगालच्या उपसागरात वादळाने गाठलं आणि जहाज वाचवण्यासाठी डोलकाठ्या तोडाव्या लागल्या. आजचं नाव त्याला १९०६मध्ये अलास्कातल्या सॅमन माशांच्या कंपनीने दिलं. आत जायला संग्रहालयाचं तिकीट आहे, पण डोलकाठ्या आणि दोरखंड फुटपाथवरूनही नीट दिसतात आणि लहान मुलांना तेवढं पुरतं. धक्क्याच्या कडेशी पाणी एकदम खोल आहे, तिथे मूल कडेवर किंवा स्ट्रोलरमध्ये पट्टा लावून.

परतीच्या ट्रॉलीत सीटवर प्लास्टिकची पिशवी अंथरा, ओलसर मूल त्यावर बसवा. ओल्डटाउन स्टेशन येईपर्यंत ते झोपलेलं असतं. घरी पोचल्यावर मात्र उठवून साबण लावून कोमट पाण्याने आंघोळ घाला, क्लोरीनने कातडी कोरडी पडते, आणि खोबरेल तेलाचा हात फिरवा. पोहण्याचे कपडे साध्या पाण्यातून काढून सावलीत वाळत घाला. रॅश गार्ड वाळला की कोरड्या पिशवीत, नवीन टॉवेलच्या वर ठेवून द्या आणि पिशवी दाराशीच राहू द्या. मूल सकाळी उठून तिथेच जाऊन उभं राहतं.